आधी कागद दाखवा

माझं लग्न ठरलं तेव्हा कोणी विचारलं, "मुलाची आई काय करते?" की माझी आई म्हणायची, "त्यांचं दुकान आहे." दुकान कसलं, हे पुढचा विचारायच्या आत ती चहाचं विचारायला उठायची. कारण दुकान म्हणजे बाजाराच्या तोंडाशी, बँकेच्या भिंतीला टेकवलेली पत्र्याची टपरी होती आणि सासूबाई त्यात बसून किल्ल्या घासायच्या. आत एक माणूस बसेल, दुसरा उभा राहील, आणि तिसऱ्याला यायचं असेल तर पहिल्याने बाहेर पडायचं, एवढीच जागा. गावभर त्यांना किल्लीमावशी म्हणत. मी त्यांना आई म्हणते.

हे काम त्या नवऱ्याकडून शिकल्या. शिकल्या म्हणजे कोणी शिकवलं नाही. सासरे किल्ल्या करायचे आणि आई डबा घेऊन गेल्या की तासभर तिथेच बसायच्या. सासरे गेले तेव्हा माझा नवरा सहा वर्षांचा होता. तेराव्या दिवशी आईंनी टपरी उघडली. सुरुवातीला लोक येऊन विचारायचे, "घरात पुरुषमाणूस कोणी नाही का?" आई म्हणायच्या, "आहे. पहिलीत आहे. शाळा सुटली की पाठवते." मग त्या कुलूप हातात घ्यायच्या, कानाशी धरायच्या, एक वाकवलेली पट्टी आणि एक तार आत घालायच्या, आणि माणसाचं पुढचं वाक्य संपायच्या आत कुलूप उघडलेलं असायचं. वर्षभरात पुरुषमाणसाची चौकशी बंद झाली.

कुलपात कधी तेल घालू नका, हे त्या प्रत्येकाला सांगत. तेलाला धूळ चिकटते. पेन्सिलीच्या शिशाची पूड घाला. हा सल्ला त्यांनी आयुष्यभर दिला आणि लोकांनी आयुष्यभर तेलच घातलं, म्हणून धंदा चालला, असं त्या म्हणायच्या.

त्यांचा एक नियम होता. कोणाचंही बंद दार उघडायचं तर आधी कागद बघायचा. घराचा, भाड्याचा, काहीही, पण नाव हवं. कागद नसेल तर शेजाऱ्याला बोलवायचं आणि हा माणूस इथलाच आहे, असं त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं. मग वहीत लिहायचं: तारीख, दार कोणाचं, बोलावलं कोणी, कागद कोणता, साक्षीला कोण. लोक वैतागायचे. "अहो मावशी, गॅसवर दूध ठेवलंय!" "जाऊ दे उतू. शेजारच्यांना हाक मारा."

मला याचा प्रसाद लग्नानंतर पंधराव्या दिवशी मिळाला. दार ओढलं गेलं, किल्ली आत, मी बाहेर, पायात चप्पलही नाही. आईंना निरोप धाडला. त्या पिशवी घेऊन आल्या, माझ्याकडे बघितलं न बघितलं, आणि शेजारच्या काकूंचं दार वाजवून विचारलं, "ही कोण?"

काकू चक्रावल्या. "अहो, तुमची सून!"

"इथेच राहते?"

"तुमच्याच घरात राहते!"

"बरं," म्हणाल्या आणि वही काढून लिहायला लागल्या. मी रडकुंडीला आले होते. रात्री नवऱ्याला म्हटलं, तुझ्या आईचं डोकं ठिकाणावर आहे ना? तो हसला आणि म्हणाला, "मला तर तिने शाळेचा दाखला मागितला होता."

या नियमामागचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. एकदा भाजी निवडताना त्यांनी आपणहून सांगितलं. धंद्याचं दुसरं वर्ष होतं. एक गृहस्थ आला, कपडे स्वच्छ, बोलणं गोड. किल्ली हरवली म्हणाला. आईंनी जाऊन दार उघडून दिलं. आत त्याची बायको होती. ती त्याच्या भीतीने आतून कुलूप लावून बसली होती, दोन दिवस. दार उघडल्यावर तिने त्याच्याकडे नाही, आईंकडे बघितलं. पुढे काय झालं ते आईंनी मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "ती वाचली. पण डोळा गेला तिचा. त्याने मारलं हे खरं, पण दार मी उघडलं होतं." आणि पुन्हा भाजी निवडायला लागल्या.

आता मास्तरांविषयी सांगायला हवं. मास्तर निवृत्त, गणिताचे. एकटेच राहायचे, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात. दर आठवड्याला ते दोन पानांचं एक पत्रक काढायचे. नगरपालिकेचं काय चुकलं, कोणत्या ठरावात कोणता आकडा जुळत नाही, पोलिसांनी कोणाला किती तास विनाकारण बसवून ठेवलं, असं सगळं त्यात असायचं. लोक ते वाचायचे आणि वाचत नसल्यासारखं दाखवायचे.

आईंना हा माणूस डोळ्यांसमोर नको असायचा. त्याला कारण होतं. नगरपालिका पक्की बाजार इमारत बांधणार होती आणि तिच्यात आईंना गाळा मिळणार होता. भिंती असलेला, पंखा असलेला गाळा! मास्तरांनी हरकत घेतली की त्या जागेखालून सांडपाण्याची जुनी वाहिनी जाते आणि नकाशात ती दाखवलेली नाही. चौकशी लागली, काम थांबलं, आणि आई तीन उन्हाळे पत्र्याखाली भाजत राहिल्या. भरीत भर म्हणजे एकदा मास्तर टपरीसमोर थांबून म्हणाले होते, "बाई, तुमच्या पाटीवर 'दुरूस्ती' लिहिलंय. त्यातला रु ऱ्हस्व हवा." तेव्हापासून आई त्यांचा उल्लेख 'ऱ्हस्व' असाच करायच्या. "तो ऱ्हस्व चाललाय बघ," म्हणून तोंड फिरवायच्या.

तर त्या दिवशी मला अर्ध्या दिवसाची रजा होती. मी भूमी अभिलेख कार्यालयात टंकलेखक होते. डबा घेऊन टपरीवर गेले तर समोर पोलिसांची गाडी उभी. फौजदारसाहेब स्वतः आले होते, दोन शिपाई बरोबर.

"मावशी, जरा चला. एक दार उघडायचंय."

आईंनी पिशवी उचलली. पोलिसांबरोबर त्या अनेकदा गेल्या होत्या. एकदा एक म्हातारे गृहस्थ घरात पडले होते तेव्हा, एकदा चोरीचा माल सापडला होता त्या गोदामात. फौजदारांना कागदाची सवय होती. मी पिशवीतली जड हातोडी घेतली आणि मागोमाग गेले. दोन गल्ल्या ओलांडून एका चार मजली इमारतीत शिरलो, दुसऱ्या मजल्यावर गेलो. दारावरची पाटी बघून आई थांबल्या. मास्तरांचं घर. ते मुलीकडे गेले होते, हे सगळ्या आळीला माहीत होतं.

आईंनी पिशवी खाली ठेवली. लॅचवरून बोट फिरवलं. मग मागे वळून म्हणाल्या, "कागद?"

फौजदार म्हणाले, "कसला कागद? मी आलोय ना स्वतः."

"तुम्ही आलात साहेब. कागद कुठे आलाय?"

"हे बघा, तोंडी आदेश आहे वरून. पत्रक कोण कोण लिहितं, त्यांची नावं आत आहेत. आम्ही बघणार, आणि होतं तसं परत ठेवणार. त्याला कळणारसुद्धा नाही."

"म्हणजे ते घरी नाहीत, त्यांना सांगायचं नाही, आणि कोर्टाचाही कागद नाही."

"तातडीचं आहे."

"कोर्ट चार गल्ल्या पलीकडे आहे. अजून तीनच वाजलेत. मी थांबते."

असं म्हणून त्या खरोखरच जिन्याच्या पायरीवर बसल्या. गुडघे दुखायचे त्यांचे. फौजदारांनी आवाज चढवला नाही, हे मला सांगायलाच हवं. ते खाली वाकून अगदी आपुलकीने म्हणाले, "मावशी, ह्याच माणसामुळे तुमचा गाळा अडलाय ना? आम्हाला माहितीये. एकदा ह्याचं तोंड बंद झालं की इमारत सहा महिन्यांत उभी राहते."

आईंनी वर बघितलं. मला वाटलं, आता त्या उठतील. खरं सांगते, त्या उठाव्यात असंच मला वाटत होतं.

"माझा गाळा त्या माणसाने अडवला," आई म्हणाल्या, "पण उजेडात अडवला. नगरपालिकेत उभा राहून, माझ्या तोंडावर. मीही तिथे जाऊन त्याला चार शब्द सुनावले. तुम्ही मला त्याच्या मागे त्याच्या घरात शिरायला सांगताय."

"शिरणार आम्ही. तुम्ही फक्त उघडायचं."

"तेच तर माझं काम आहे साहेब. तेवढंच मी करते."

शिपायांतला एक म्हणाला, "साहेब, लाथ घालू का?" फौजदारांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो भिंतीला चिकटला. दार फोडलं असतं तर सगळ्या इमारतीला कळलं असतं. म्हणून तर मावशी हव्या होत्या. आणखी थोडा वेळ गेला. वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात डोकावून गेल्या. मग फौजदार म्हणाले, "ठीक आहे," आणि बुटांचा आवाज करत खाली उतरले. आईंनी पिशवी उचलली, खाली आलो, टपरीवर गेलो. आईंनी वही काढली आणि लिहिलं: दार मास्तरांचं, बोलावलं फौजदारांनी, कागद नाही, उघडलं नाही. मग म्हणाल्या, "डबा दे. भूक लागली."

चौथ्या दिवशी नोटीस आली. आमच्या गावात किल्लीच्या धंद्याला पोलिसांचा परवाना लागतो, दर वर्षी नवा करून घ्यावा लागतो. 'सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणास्तव' आईंचा परवाना निलंबित केला होता. दोन शिपाई आले, टपरीला कुलूप ठोकलं, त्यावर कागद चिकटवला, लाख लावून शिक्का मारला.

त्याच आठवड्यात आमच्या कार्यालयातल्या मोठ्या साहेबांनी मला आत बोलावलं. बसा म्हणाले, यापूर्वी कधी म्हणाले नव्हते. "घरच्या मोठ्या माणसांना जरा समजावत जा. तुमच्या बढतीची फाइल माझ्याच टेबलावर आहे." बस, एवढंच.

मी घरी आले ती भडकूनच. चप्पल काढायच्या आत सुरू झाले. "आई, त्या मास्तरासाठी? ज्याचं तुम्हाला नावही घ्यायचं नसतं? त्याने तुमच्यासाठी काय केलंय? माझी नोकरी जाईल, तुमची टपरी तर गेलीच, आणि तो तिकडे मुलीकडे नातवंडं खेळवत बसलाय!"

आई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "मास्तरासाठी कोण करतंय?" त्या म्हणाल्या. "त्या दारामागे कोण आहे हे बघून मी नियम बदलला, तर उद्या तुझ्या दाराला कोणता लावू?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आज ते आठवलं की लाज वाटते, पण झालं ते झालं. नवरा बिचारा दोघींमध्ये पडून नुसता कान खाजवत होता. तो लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. माणसं मधेच अडकली की आधी सगळ्यांना शांत करायचं, एवढं त्याला पक्कं माहीत. तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "तुझं चुकत नाहीये. पण तिचंही चुकत नाहीये. आता तू ठरव." हा कुठला न्याय, असं म्हणून मी त्याच्यावरही चिडले.

मग एके दिवशी मी कामावरून येताना बाजारात गर्दी दिसली. टपरीसमोर. आई शेजारच्या फळवाल्याकडून स्टूल घेऊन बंद टपरीपुढे बसल्या होत्या आणि एका मुलीच्या दप्तराची चेन बसवत होत्या. चेनला परवाना लागत नाही. आजूबाजूचे दुकानदार टपरीच्या कुलपाकडे बघून हसत होते. कुलूप अगदीच हलकं, दाराला नाही, पेटीला लावतात तसलं.

फळवाला म्हणाला, "मावशी, हे उघडायला तुम्हाला किती वेळ लागेल हो?"

आईंनी मान वर न करता सांगितलं, "चष्मा घालून की चष्म्याशिवाय?"

लोक खो खो हसले. कोणी म्हणालं, "मग उघडा की! आम्ही आहोत बघायला. बघू कोण काय करतंय!" गर्दीला जोर चढला. दोघंतिघं पुढे झाले, एकाने तर कागदाचा कोपरा उचकटायला घेतला.

"हात लावू नकोस," आई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण त्याने हात मागे घेतला. "त्यावर सही आहे, शिक्का आहे, तारीख आहे. चुकीचा आहे तो. पण कागद आहे. त्यांना मी कागद मागितला होता, आता त्यांनी मला कागद दिलाय. तो मी फाडला तर माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला? तो कोर्टात खोडायचा."

मी गर्दीच्या मागे उभी होते. त्या क्षणी माझा राग गेला, असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण घरी गेल्यावर मी माझ्या टंकलेखन यंत्राला नवी फीत घातली आणि त्यांना म्हटलं, "सांगा, काय काय झालं ते. पहिल्यापासून." त्यांनी सांगितलं, मी लिहून काढलं. सात पानं झाली. तारखा वहीतून घेतल्या. बढतीची फाइल पुढे बरीच वर्षं त्या टेबलावरच राहिली.

मास्तर परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी घरी आले. दारातच हात जोडून उभे राहिले. "बाई, तुमचे उपकार कसे—"

"उपकार वगैरे काही नाही," आई म्हणाल्या. "तुमच्यासाठी केलं नाही ते. तुमच्यामुळे मी पत्र्याखाली बसते, हे मी विसरलेले नाही. आता तर पत्र्याबाहेर बसते."

मास्तर म्हणाले, "पण ती वाहिनी खरंच आहे हो तिथे!"

"असेल! मग वळवा म्हणावं ती! सगळं कामच थांबवायचं?"

आणि तिथून जे दोघांचं जुंपलं ते तासभर. मी मधे दोनदा चहा ठेवून आले. जाताना मास्तर म्हणाले, "तुमचं म्हणणं लिहून द्या, मी छापतो." आईंनी मला सांगितलं आणि मी लिहून दिलं. त्यांनी एक काना न बदलता छापलं, आणि खाली त्याच्या दुप्पट लांबीचं उत्तर दिलं. आईंनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. "माणूस हेकट आहे," म्हणाल्या, "पण माझं सगळं छापलंय."

वकीलबाई मिळाल्या त्याही या कागदाच्या हट्टामुळेच. त्यांच्या स्कूटरच्या डिकीचं कुलूप अडकलं होतं तेव्हा आईंनी भररस्त्यात त्यांच्याकडे गाडीचे कागद मागितले होते. "मी वकील आहे," असं त्या म्हणाल्या तर आई म्हणाल्या होत्या, "मग तर तुमच्याकडे असतीलच." वकीलबाई ते विसरल्या नव्हत्या. सात पानं वाचून त्या म्हणाल्या, "मावशी, राज्यघटनेत या सगळ्याला शब्द आहेत. माणसाचं घर, माणसाचं मत, माणसाचा धंदा. मी मांडते. जिंकू असं मात्र सांगत नाही."

खालच्या कोर्टात आम्ही इतक्या पटकन हरलो की आईंचा रुमाल पिशवीतून अजून निघायचा होता. वरच्या कोर्टात मात्र तीन न्यायमूर्ती बसले. दोन वर्षं तारखा पडल्या. सरकारी वकिलांचं म्हणणं मोठं साधं होतं: किल्लीवाला हे एक साधन आहे. दार उघडण्याची जबाबदारी अधिकाऱ्याची. अधिकाऱ्याचं चुकलं असेल तर घरमालकाने त्याच्यावर दावा करावा. साधनच प्रश्न विचारू लागलं तर राज्य कसं चालायचं?

डावीकडचे न्यायमूर्ती सगळ्यांत कमी बोलणारे होते. त्यांनी वकीलबाईंना विचारलं, "याचिकाकर्त्या हजर आहेत का? त्यांची हरकत नसेल तर एक विचारतो." आई उभ्या राहिल्या. कठड्याला धरून.

"बाई, सरकारचं म्हणणं असं की जबाबदारी अधिकाऱ्याची आहे. तुम्ही निमित्तमात्र. तुम्हाला हे का पटलं नाही?"

आईंनी त्या बायकोची गोष्ट सांगितली. मला भाजी निवडताना सांगितली होती तेवढीच, त्याहून एक शब्द जास्त नाही. आणि शेवटी म्हणाल्या, "साहेब, कोणाच्या सांगण्यावरून, ते नंतर कागदावर ठरतं. पण हात माझा होता. मास्तरांचं लिहिणं मला पटत नाही. पण मला पटत नाही म्हणून त्यांचं दार उघडायचं, तर मग माझं न पटणारे गावात पुष्कळ आहेत."

कोर्टात कोणीतरी हसलं. न्यायमूर्ती हसले नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

निकाल लागला. दोन विरुद्ध एक. आम्ही हरलो.

वकीलबाई निकालाची प्रत घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आल्या आणि टेबलाशी बसून सगळं वाचून दाखवलं. दोघांचा निकाल एकोणीस पानांचा. मग तिसऱ्याचा, वेगळा, एकतीस पानांचा. त्यात एके ठिकाणी लिहिलं होतं: 'ज्या राज्यात साध्या कारागिरालाही "हे बरोबर नाही, मी करणार नाही" असं म्हणता येतं आणि त्यासाठी त्याची भाकरी हिरावली जात नाही, त्या राज्यातल्या नागरिकाला रात्री शांत झोप लागते. याचिकाकर्तीने आदेश मोडला नाही. तिने कायद्याचा आदेश मागितला.'

आई म्हणाल्या, "हे परत वाचा." वकीलबाईंनी परत वाचलं.

"आणि तरी आपण हरलो?"

"हरलो मावशी. ते एकटे पडले."

"मग एवढी पानं लिहिली कशाला त्यांनी?"

"एकट्याचं मतही निकालासोबत छापावं लागतं. ते पुसता येत नाही. उद्या दुसऱ्या कोणाचा खटला उभा राहिला तर ते ही पानं उघडू शकतात."

आईंनी मान हलवली. मला वाटलं, त्या खचतील. पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल घेऊन त्या बाजारात गेल्या. पुढची चार वर्षं त्यांनी दप्तरांच्या चेनी बसवल्या, छत्र्यांच्या काड्या बदलल्या, कात्र्यांना धार लावली, कुकरचे दांडे बसवले. कोणी कुलूप घेऊन आलंच तर दुसऱ्या किल्लीवाल्याचं नाव सांगायच्या, आणि वर शिशाची पूड घालायला सांगायच्या. फौजदारांची कधीच बदली झाली होती. मास्तर रोज संध्याकाळी स्टुलाशेजारी उभे राहून त्यांच्याशी भांडत. बाजारातल्या लोकांना त्या भांडणाची इतकी सवय झाली होती की एखादे दिवशी ते झालं नाही तर कोणाची तब्येत बिघडली, अशी चौकशी व्हायची.

मग दूरच्या एका शहरात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाला कोणा अधिकाऱ्याने गिऱ्हाइकाचा फोन गुपचूप उघडून द्यायला सांगितलं. त्याने नकार दिला, त्याचं दुकान बंद झालं, आणि त्याच्या वकिलाने शोधता शोधता ती एकतीस पानं काढली. खटला सर्वांत वरच्या कोर्टात गेला. पाच न्यायमूर्ती बसले. पाचांनी मिळून सांगितलं की आमच्या खटल्यातला दोघांचा निकाल चुकीचा होता आणि तिसऱ्याचं मत हाच कायदा. ती झोपेबद्दलची ओळ त्यांनी जशीच्या तशी घेतली होती. लेखी आदेशाशिवाय कोणत्याही कारागिराला कोणाचं घर वा वस्तू उघडायला लावता येणार नाही आणि नकार दिला म्हणून परवाना काढून घेता येणार नाही, असं ठरलं.

वकीलबाईंचा फोन मी घेतला. धावत बाजारात गेले. आई छत्री उलटी धरून बसल्या होत्या. मी धापा टाकत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं काय विचारलं? "त्या पोराचं दुकान उघडलं का?" उघडलं म्हटल्यावर म्हणाल्या, "मग बरं झालं." मग छत्री खाली ठेवली आणि पदराने डोळे पुसले. फळवाल्याने सगळ्यांना संत्री वाटली.

परवाना टपालाने आला. महिन्याभराने आईंनी मला म्हटलं, "त्या साहेबांना भेटून यायचंय. एकतीस पानांवाल्या." वकीलबाईंनी पत्ता काढून दिला. न्यायमूर्ती निवृत्त झाले होते. आम्ही पाच तास बसने गेलो. आईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर ते राहत. हातात काठी, अंगात विरलेला स्वेटर. त्यांनी आईंना ओळखलं नाही. नाव सांगितलं तेव्हा मात्र काठी भिंतीला टेकवून दोन्ही हात पुढे केले.

बसलो. चहा झाला. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग आई म्हणाल्या, "एक विचारू? कोणाला कधी विचारलं नाही."

"विचारा की."

"त्या घरात खरंच काही वाईट असतं तर? म्हणजे मास्तरांनी खरंच कोणाचा घात करायचं योजलं असतं, आणि मी पायरीवर बसून राहिले, तर? हा विचार अजून येतो मनात."

मी थक्क झाले. इतकी वर्षं त्यांच्यासोबत राहून मला हे माहीत नव्हतं. मी समजत होते की त्यांना कधी शंका आलीच नाही.

"मलाही यायचा," म्हातारे न्यायमूर्ती म्हणाले. "निकाल लिहिताना दोन आठवडे येत होता. माझे दोघं सहकारी काही वाईट माणसं नव्हती हो. त्यांना हीच भीती होती." मग पुढे झुकून म्हणाले, "पण कोर्ट चार गल्ल्यांवर होतं ना? तुम्हीच सांगितलंत. घाई खरी असती तर ते तासाभरात कागद घेऊन आले असते. ते आलेच नाहीत. याचं उत्तर मला कोणीच दिलं नाही. शेवटी त्यावरच मी लिहायला बसलो."

आईंनी ते ऐकलं आणि त्यांचे खांदे खाली आले. ओझं उतरवल्यासारखे.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मी त्यांना दिली. बाहेर शेतं मागे पळत होती. खूप वेळाने त्या म्हणाल्या, "ते साहेबही एकटेच होते गं तिथे. आणि माझ्यासारखेच घाबरले होते." मग पिशवीतून संत्रं काढून सोललं, अर्धं मला दिलं, आणि पुढच्या आठवड्यात कोणकोणती कामं घ्यायची, ते सांगायला लागल्या.